बोटाने पास केलेली कड

मी नक्की काय काम करत होते, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही कधी नीट कळलं नाही. ती नातेवाइकांत सांगायची, "आमची शोभा फर्निचरमध्ये आहे." त्यामुळे लग्नसराई आली की लोक मला कपाटं आणि पलंग कुठे चांगले मिळतात ते विचारायचे. मी आयुष्यात एकही कपाट बनवलेलं नाही. साकीनाक्याच्या एका गाळ्यात बावीस वर्षं मी लाकडाच्या कडा मोडल्या, एवढंच. आमच्या वस्तीतल्या मंडळाने यंदा दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि "ताई, तुमच्या कामाचे अनुभव द्या" म्हणून मागे लागले. मला वाटलं, गिऱ्हाइकांच्या चार गमती सांगाव्यात आणि मोकळं व्हावं. लिहायला बसले तर दर वेळी गाडी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते, आणि ती गोष्ट मला अजून पुरती उमगलेली नाही. तेव्हा उमगली नाही तशीच सांगते.

आधी कड मोडणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आता बऱ्याच ठिकाणी लाकूड हाताने कापत नाहीत. कॉम्प्युटरवर चित्र काढतात, मोठ्या टेबलावर प्लायवूडची शीट ठेवतात आणि वरून एक फिरणारा कटर त्या चित्राबरहुकूम आपोआप कापत जातो. हत्ती काढला तर हत्ती, मोर काढला तर मोर. पहिल्यांदा बघणारा माणूस तोंडात बोट घालतो. पण हा कटर सरळ खाली उतरतो, त्यामुळे कापलेली कड काटकोनात निघते, नव्या कोऱ्या कागदाच्या कडेसारखी. ती हाताला कापते. तिच्यावर रंगही नीट बसत नाही, पहिल्या धक्क्याला उडतो. शिवाय प्लायवूड असेल तर तिथे बारीक कुसळं उभी राहतात आणि ती बोटात जातात. म्हणून कड मोडायची. मोडायच्या तऱ्हा दोन. एक तर गोलाई द्यायची, नाहीतर टोक तिरकं छाटून उतार द्यायचा. गोलाई हाताला बरी, उतार डोळ्याला. मोठं काम हातमशीनने होतं, बारीक काम पॉलिश पेपरने, आणि आतल्या कोपऱ्यांत जिथे काहीच पोचत नाही तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून घासायचं. हातमशीन उलट्या दिशेने चालवलं तर ते हातातून पळतं. पहिल्या वर्षी माझ्या हातून ते असं पळालं, आणि एका डॉक्टरांच्या नावाच्या पाटीतला एक काना उडवून गेलं.

मी त्या गाळ्यात खरं तर झाडू मारायला लागले होते. कडा मोडायला मला शिकवलं वसंतमिस्त्रींनी. ते मालवणकडचे. बोलायचे कमी आणि चिडायचे जास्त. त्यांची एक रीत होती. नव्या माणसाला ते जुन्या सुती साडीचा तुकडा द्यायचे. घासून झालं की तो तुकडा कडेवरून हलका ओढायचा. कुठे धार राहिली असेल, कुसळ असेल, तर कापडाचा धागा तिथे अडकतो. सहा-सात महिने असं कापडाने बघायचं. मग एक दिवस मिस्त्री येऊन हातातला तुकडा काढून घ्यायचे. माझ्या हातातून घेतला तेव्हा म्हणाले, "आता ह्या कापड नको तुका. बोटान बघ."

आमच्याकडे तीच पदवी. त्यानंतर जो कापडाला हात लावील तो कच्चा. मी त्यानंतर कधी लावला नाही. उजव्या हाताचं मधलं बोट कडेवरून एकदा फिरवायचं आणि माल पास. पुढे मिस्त्री म्हातारे झाले तेव्हा खांद्यावर मलमलीचा तुकडा टाकून यायला लागले आणि प्रत्येक पीस देण्याआधी त्याने पुसायचे. मी एकदा हसत विचारलं, तर म्हणाले, "धूळ पुसतंय." मला ते खरं वाटलं. नंतर ते गावी गेले आणि तिकडेच वारले.

गिऱ्हाइकांना नक्की काय हवं असतं, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. अंधेरीचे एक इंटिरिअरवाले साहेब यायचे. त्यांनी टेबलाच्या कडेबद्दल सांगितलं, "गोल पाहिजे, पण गोल दिसता कामा नये." मी रात्रभर विचार केला. मग नेहमीचीच बारीक गोलाई दिली आणि वर नुसता पेपर मारला. त्यांनी हात फिरवला, डोळे मिटले, म्हणाले, "एक्झॅक्टली!" बोरिवलीच्या एका आजोबांनी देव्हारा करायला दिला. त्यांना कडा एकदम धारदार हव्या होत्या, कारण फोनवरच्या फोटोत तशा दिसत होत्या. मी म्हटलं, "आजोबा, दिवा लावताना हाताला लागेल." ते म्हणाले, "देवाला चालेल." मी गुपचूप बारीकसा उतार दिला. त्यांनी आजवर तक्रार केली नाही, पण त्यांना कळलंच नाही की कळून गप्प बसले, कोण जाणे.

गाळ्याचे मालक मेहुलभाई. माणूस शांत, पण मालाच्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवायचा नाही. विश्वास फक्त माझ्या बोटावर. गिऱ्हाइकासमोर ते मला हाक मारायचे, "शोभाबेन, जरा बोट फिरवा." मी फिरवायचे, मान हलवायचे, की गिऱ्हाईकही गप्प. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता.

आणि मशीनवर इरफान. कुर्ल्याचा, तिशीतला, दोन मुलींचा बाप. सात वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तो कापायचा, मी कडा मोडायचे, आणि जेवणानंतर मागच्या कोपऱ्यात बसून पॅकिंगही तोच करायचा. त्यात तो इतका वेळ लावायचा की मी टोमणे मारायचे, "काय रे, माल बांधतोस की रुखवत मांडतोस?" तो हसून म्हणायचा, "तू तुझं बघ ना, ताई."

मग मेहुलभाईंनी दुसरी मशीन आणली. इरफानला दोन्ही मशीन बघायच्या होत्या, म्हणून पॅकिंगसाठी दुसरा माणूस ठेवला. त्याच सुमारास मुलुंडच्या एका बालवाडीची मोठी ऑर्डर आली. लाकडी पाट्या, प्रत्येकीवर एक अक्षर खोल कापलेलं. मुलांनी त्या खाचेतून बोट फिरवून अक्षर गिरवायचं, अशी कल्पना. म्हणजे सगळा खेळ बोटाचा. मी दहा दिवस खपून प्रत्येक अक्षराची आतली-बाहेरची कड मोडली. 'क्ष'ने तर माझा जीव काढला. सगळ्या पाट्या बोटाने पास केल्या.

आठवड्याने बालवाडीच्या मॅडम स्वतः पाट्या घेऊन परत आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या तीन मुलांच्या बोटांत कुसळं गेली हो. एक मुलगी आता पाटीला हातच लावत नाही." मेहुलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर पाटी उचलली, बोट फिरवलं. गुळगुळीत. दुसरी उचलली. तीही गुळगुळीत. मला काही समजेना. मॅडम खोटं बोलणाऱ्या वाटत नव्हत्या, आणि माझं बोट तर खोटं बोलतच नव्हतं.

तरी सगळ्या पाट्या पुन्हा घासल्या, पास केल्या, पाठवल्या. पुन्हा परत आल्या. माझं डोकं फिरायची वेळ आली. प्लाय खराब आहे म्हणावं तर त्याच शीटचं दुसरं काम चांगलं होतं, म्हणजे तेव्हा मला चांगलं वाटत होतं. पेपर बदलून बघितला. हवेतल्या ओलीने कुसळं नंतर वर येत असतील, असंही वाटलं. शेवटी मी माझ्यापुरता हिशेब लावला. तक्रारी कधीपासून? दुसरी मशीन आल्यापासून. म्हणजे कटर बोथट असणार किंवा इरफान दोन मशीनच्या घाईत कटर जोरात पळवत असणार. असा कटर लाकूड कापत नाही, फाडतो. मग मी वरून कितीही साफ केलं तरी आतलं फाटलेलं लाकूड दोन दिवसांनी कुसळ वर काढणारच. हे मी इरफानला सांगितलं.

त्याने कटर काढून माझ्यासमोर धरला. "नवा आहे, ताई. परवाच लावलाय." मग म्हणाला, "ताई, तुझ्या बोटाला काय झालंय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसांसमोर मी त्याला म्हटलं, "तू शेंबडा होतास ना, तेव्हापासून हे बोट काम करतंय. स्वतःचं झाकायला माझ्या बोटावर येतोस? लाज नाही वाटत?"

तो मशीनकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मेहुलभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शोभाबेन, तुम्ही बोला. चूक कोणाची?" मी म्हटलं, "कड मी साफ देते. इरफान मशीन पळवतो, लाकूड फाटतं." मला मुद्दाम कोणाचं वाईट करायचं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. आजही त्या वेळच्या मला विचारलं तर ती तेच सांगेल, आणि ह्याचीच मला भीती वाटते. शनिवारी इरफानला काढलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला, "चल ताई, येतो." मी पाटी घासत होते. वर न बघता "हं" म्हटलं.

नवा मशीनवाला आला. त्याने नव्या प्लायमधून पाट्या कापल्या, मी कडा मोडून तिसरी खेप पाठवली. ती परत आली.

आता मात्र मी गोंधळून गेले. इरफान नव्हता, कटर नवा, माणूस नवा, प्लाय नवं. तरी कुसळं तीच. त्या दिवसापासून मेहुलभाईंनी गिऱ्हाइकासमोर मला हाक मारली नाही. घरी जाताना मी मेट्रोत उभी राहून स्वतःशीच पुटपुटत होते, बाजूची मुलगी सरकून उभी राहिली.

त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याचं लग्न होतं. बांगड्या भरायला म्हणून घाटकोपरच्या बाजारात माझ्या नेहमीच्या कासारणीकडे गेले. तिने माझा उजवा हात हातात घेतला, दाबला, आणि थांबली. "अगं ताई, हे काय? बोटात केवढं कुसळ घुसलंय! पिकलंय की!"

मी बघितलं. मधल्या बोटाच्या टोकाला काळी रेघ, भोवती सुजून पिवळं झालेलं. निदान दोन दिवसांचं असेल. तिने सुईने ते काढलं. गव्हाच्या दाण्याएवढं निघालं. बाजूला बसलेली बाई तोंड फिरवून "आई गं" म्हणाली. मला काहीच झालं नाही. सुई आत जाताना दिसत होती, आणि मला काहीच होत नव्हतं. मी कासारणीला म्हटलं, "अजून टोच." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

डॉक्टर म्हणाले साखर आहे, आणि बरीच वर्षं असणार. मग त्यांनी कामाचं विचारलं आणि म्हणाले, हातमशीनच्या थरथरीनेही बोटांची जाणीव जाते. कशाने गेली, विचारलं तर म्हणाले, "दोन्हीने असेल. काय फरक पडतो?" मला पडत होता. कधी गेली ते विचारलं. ते त्यांनाही सांगता आलं नाही. एकदम जात नाही म्हणे, हळूहळू जाते, आणि ज्याची जाते त्याला कळत नाही. मी घरी येऊन आठवत बसले. आमच्या विहारात ग्रंथ ठेवायची घोडी मी केली होती, ती कधीची? तेव्हा बोट जिवंत होतं का? दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्या कडेवर बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. पण मला आता सगळंच गुळगुळीत लागतं, त्यामुळे त्यातून काय समजायचं?

गाळ्यात गेले ती घरून जुनी सुती साडी घेऊन. एक तुकडा फाडला आणि मिस्त्रींनी तुकडा काढून घेतला त्यानंतर पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, कापडाने कड बघितली. 'अ'च्या पाटीवर दोनदा अडकलं. 'क'वर चारदा. 'क्ष'वर तर धागेच निघून आले. मी पास केलेला सगळा ढीग तपासला आणि खाली बसले. तेव्हा मला वसंतमिस्त्रींच्या खांद्यावरचा मलमलीचा तुकडा आठवला. ते खरंच धूळ पुसत होते का? त्यांचंही बोट गेलं होतं आणि ते लपवत होते, असं मला आता वाटतं. पण मग मला का नाही सांगितलं? की सांगत होते आणि मी हसले? आता विचारायला माणूसच नाही.

मी मेहुलभाईंना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची पट्टी फिरवत बसले, मग एवढंच म्हणाले, "आपण त्या पोराला काढला, शोभाबेन." 'आपण' म्हणाले, हा त्यांचा चांगुलपणा. पाट्या मी कापडाने बघून पुन्हा केल्या, त्या मुलुंडला गेल्या त्या गेल्याच. दिलेली ऑर्डर पुरी केली आणि मी काम सोडलं.

मग एका दुपारी कुर्ल्याला गेले. इरफान आता तिथे नावाच्या पाट्या बनवणाऱ्या एका छोट्या गाळ्यात होता. मला बघून तो दचकला, मग स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी चहा यायचीही वाट बघितली नाही.

"इरफान, चूक माझी होती. माझं बोट मेलंय."

"मालूम आहे," तो म्हणाला.

"मालूम आहे म्हणजे? कधीपासून?"

"दोन साल झाले असतील. तू पास केलेल्या पीसवर मी पॅकिंगच्या टायमाला हात फिरवायचो ना. कधी दहात एक खराब, कधी दहात चार. पेपर मारून पॅक करायचो. मग दुसरी मशीन आली, पॅकिंग गेलं माझ्याकडून. वाट लागली."

मला पॅकिंगवरून मारलेले सगळे टोमणे एकदम आठवले. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना! विचारलं नव्हतं, बोटाला काय झालंय का? तू काय बोललीस, आठव."

"मग मेहुलभाईंना तरी सांगायचंस."

"तुझ्या बोटापुढे माझं कोण ऐकणार, ताई?"

ते खरंच होतं. चहा आला. तो प्यायचं सोडून मी विचारलं, "पण दोन वर्षं माझ्यामागे घासत का बसलास?"

"माल परत आला की पहिल्या शिव्या मशीनवाल्याला. म्हणून." मग त्याने खांदे उडवले. "मला काय माहीत, यार. एकदा केलं, मग रोजचं झालं."

ह्यातलं कुठलं खरं, ते मला अजून ठरवता येत नाही. मी त्याला सांगितलं की मेहुलभाई परत बोलावतायत. तो नको म्हणाला. "इथे बरं आहे. मीच कापतो, मीच कडा मारतो. दुसऱ्याच्या बोटाचं टेन्शन नाही." हे तो मला लागावं म्हणून बोलला नसावा, पण लागलं.

मी उठले तेव्हा त्याने बाजूची एक नावाची पाटी उचलून माझ्यापुढे धरली. "बघ ना, कशी झालीय." माझं मधलं बोट सवयीने पुढे गेलं. मी ते मागे घेतलं, पर्समधून साडीचा तुकडा काढला आणि पाटीच्या चारही कडांवरून ओढला. मग एकेका अक्षराच्या आतून, कोपऱ्यांतून. कापड कुठेच अडकलं नाही.

"साफ आहे," मी म्हटलं. "तुझं काम साफ आहे, इरफान."

"हे तेव्हा बोलायचं होतंस," तो म्हणाला. त्याने पाटी परत घेतली, पॅकिंगच्या ढिगावर ठेवायला वाकला, आणि ठेवण्याआधी तिच्या कडेवरून एकदा स्वतःचं बोट फिरवून घेतलं.